पाणी काय म्हणालं?

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात टगेरा नावाची उथळ सरोवरं आहेत. तिथल्या स्थानिक परिषदेने एका धक्क्याजवळ गाळ उपसून खोल चर काढला आणि लोकांना कळावं म्हणून पाट्या रोवल्या: 'खोल पाणी'. १९६७ च्या जानेवारीत एक नवशिका तरुण तिथे वॉटर-स्कीइंग करत होता. पाटी वाचून त्याला वाटलं, हिच्या पलीकडे पाणी खोल आहे, म्हणजे पडलो तरी हरकत नाही. प्रत्यक्षात पाटी ज्या चराबद्दल सांगत होती तो एका बाजूला, आणि हा गेला दुसऱ्या बाजूला. तिथे पाणी जेमतेम कमरेएवढं. तोल गेला, डोकं तळावर आपटलं आणि मानेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं.

त्याने परिषदेवर दावा लावला. परिषदेचं म्हणणं साधं होतं: आम्ही तर धोक्याची सूचना लावली होती, तिचा कुणी उलटा अर्थ लावील हे आम्हाला काय ठाऊक? १९८० साली देशाच्या सर्वोच्च पीठाने तरुणाच्या बाजूने कौल दिला. घडण्याची शक्यता कमी असली तरी चालेल, म्हणाले न्यायमूर्ती, ती ओढूनताणून आणलेली किंवा कपोलकल्पित नसली म्हणजे झालं. कुणीतरी पाटी अशीही वाचू शकेल, हे पाटी लावणाऱ्याच्या डोक्यात यायला हवं होतं.

म्हणजे सावधगिरी म्हणून लावलेली पाटीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली!

पोहण्याच्या तलावांवरचे, तळ्यांवरचे, डबक्यांवरचे निकाल एकापाठोपाठ एक वाचत गेलं की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. अपघात पाण्यात होतो, पण न्यायालय पाण्याची खोली मोजून थांबत नाही. ते विचारतं, त्या जागेने त्या माणसाला काय सांगितलं होतं? 'ये' म्हणाली होती, की 'येऊ नकोस'? आणि ज्याला सांगितलं, त्याला ते कळण्यासारखं होतं का? कायद्याची ही शाखा म्हणजे जवळजवळ निर्जीव वस्तूंचं बोलणं ऐकण्याची कला आहे. फळी बोलते, शिडी बोलते, कुंपण बोलतं, कुंपणाचं भगदाड तर फारच मोठ्याने बोलतं.

कल्पना जुनी आहे. बायबलच्या निर्गम ग्रंथात नियम सापडतो: कुणी खड्डा खणून उघडा ठेवला आणि त्यात बैल किंवा गाढव पडलं, तर खड्ड्याच्या मालकाने जनावराची किंमत भरावी; मेलेलं जनावर मात्र त्याचं. हिशेब चोख आहे. पण बैलाच्या बाबतीत एक सोय असते. तो आपल्या मर्जीने सूर मारत नाही.

माणूस मारतो, आणि लहान मूल तर पाणी दिसलं की थांबतच नाही. म्हणून कायद्याची पहिली मोठी ओढाताण मुलांवरून झाली. १८७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे नेब्रास्कातल्या सहा वर्षांच्या मुलाचा दावा आला. रेल्वेची इंजिनं फिरवायच्या चक्रावर खेळताना त्याचा पाय चिरडला होता. जागा रेल्वेची, मूल परवानगीशिवाय आलेलं. तरीही न्यायालयाने ज्यूरीने दिलेली ७,५०० डॉलरची भरपाई कायम ठेवली. कुलूप न लावलेलं फिरतं चक्र म्हणजे मुलांना दिलेली हाकच, असा त्यामागचा विचार. तिथून 'भुरळ घालणारा धोका' हे तत्त्व रुजलं.

मग कॅन्ससमधलं आयोला गाव. एका रासायनिक कंपनीने गावाबाहेरचा गंधकाम्लाचा कारखाना १९१० साली पाडला, पण तळघर तसंच ठेवलं. त्यात पाणी साचलं. दिसायला नितळ, स्वच्छ. आत मात्र गंधकाम्ल आणि जस्ताचं सल्फेट. १९१६ च्या जुलैमध्ये जवळ मुक्काम टाकलेल्या एका कुटुंबातली आठ आणि अकरा वर्षांची दोन मुलं त्यात उतरली आणि मेली. खालच्या दोन्ही न्यायालयांनी कंपनीला दोषी धरलं. १९२२ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकाल फिरवला. त्यांचा युक्तिवाद वाचताना अंगावर काटा येतो, इतका तो बिनचूक आणि इतका कोरडा आहे: ते पाणी रस्त्यावरून दिसत नव्हतं. मुलं आधी हद्दीत घुसली, पाणी नंतर दिसलं. मग पाण्याने त्यांना बोलावलं असं कसं म्हणायचं? तीन न्यायमूर्तींना हे पटलं नाही, पण बहुमत होम्स यांच्याकडे होतं.

तर्कात चूक काढता येत नाही, आणि तरी माझ्या मते निकाल चुकला. होम्स यांनी हाक कुठून ऐकू येते एवढंच मोजलं. ऐकणारा आठ वर्षांचा आहे हे मोजलं नाही. पुढे अमेरिकेतल्या कायदेपंडितांनी १९३४ साली या विषयाची सूत्रबद्ध मांडणी केली तेव्हा भुरळ कुठून पडली हा प्रश्नच बाजूला ठेवला. मुलं इथे येण्याचा संभव आहे हे मालकाला कळायला हवं होतं का, आणि धोका ओळखण्याचं त्यांचं वय होतं का, हे प्रश्न पुढे आले. आज घरामागे तलाव बांधणाऱ्या अमेरिकनाला शेजारच्या पोराची काळजी करावी लागते ती यामुळे. न्यू साउथ वेल्सने १९९२ च्या कायद्याने कुंपण सक्तीचं केलं, किमान १.२ मीटर उंच, आपोआप मिटणाऱ्या फाटकाचं. फ्रान्सने जानेवारी २००३ मध्ये कायदा करून खासगी तलावाला कुंपण, झाकण, छत किंवा धोक्याची घंटा, यांपैकी एक तरी हवंच असं ठरवलं. न केल्यास ४५,००० युरोपर्यंत दंड. आपल्याकडे विहिरीला कठडा बांधतात तो याच बुद्धीने.

पाणी स्वतःही बोलतं, आणि खोटं बोलतं. प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो, म्हणून काठावरून सरळ खाली पाहिलं तर तळ असतो त्याच्या पाऊण खोलीवर दिसतो. दोन मीटर पाणी दीड मीटरसारखं वाटतं. सूर मारणाऱ्याच्या दृष्टीने हे खोटं हिताचं आहे, कारण ते त्याला बिचकवतं. पोहता न येणाऱ्याच्या दृष्टीने तेच जीवघेणं: गळ्यापर्यंत येईल असं वाटलेलं पाणी डोक्यावरून जातं.

पण तलावाच्या काठावर पाण्याहून बोलकी एक वस्तू असते. सूर मारायची फळी.

१३ ऑगस्ट १९७२. लुफ्तान्सा कंपनीचा एक तरुण जर्मन सहवैमानिक दिल्लीच्या ओबेरॉय इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात उतरला होता. दुपारी तो तलावावर गेला, फळीवरून सूर मारला आणि डोकं तळावर आदळलं. बाहेर काढला तेव्हा हातपाय गेलेले. पुढे तो मायदेशी गेला, पण अंथरुणातून उठला नाही. १९७५ साली त्याने दिल्ली उच्च न्यायालयात ५० लाखांचा दावा लावला. त्या काळी ही रक्कम ऐकून वकीलसुद्धा चष्मा पुसून पुन्हा कागद बघत असतील.

इथे थोडं गणित करून पाहू. एक मीटर उंचीच्या फळीवरून नुसतं पडलं तरी पाण्याला भिडताना वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर होतो. उसळी घेऊन मारलेल्या सुराचा त्याहून जास्त. हात पुढे जोडून, अंग ताठ करून शिरलेल्या शरीराला पाणी फारसं अडवत नाही, सूर चांगला मारण्याचं कौशल्य म्हणतात ते हेच. त्यामुळे आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत एक मीटरच्या फळीखालीसुद्धा सुमारे साडेतीन मीटर पाणी लागतं. गंमत अशी की दहा मीटर उंच मंचाखाली लागतं साडेचार ते पाच. उंची दसपट झाली तरी खोली दीडपटसुद्धा होत नाही. म्हणजे उंच मंच बांधताना सगळे जपतात, पण फसवते ती बुटकी फळी; तिच्याखाली एवढं पाणी कशाला, असं बांधणाऱ्याला वाटतं. आणि डोकं तळाला टेकून थांबतं तेव्हा मागून येणारं सगळं धड थांबलेलं नसतं. त्याचा भार मानेच्या दोन-तीन मणक्यांवर येतो.

निकाल लागला जानेवारी १९९७ मध्ये. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी (पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले) यांनी तलावाची रचना सदोष आणि पाणी अपुरं ठरवलं. तळाशी काय घडलं हे दावेदाराने इंचाइंचाने सिद्ध करायची गरज नाही, घटनाच स्वतःची साक्ष देते, हे तत्त्व त्यांनी लावलं. आणि त्याहून धीट विधान केलं: पंचतारांकित हॉटेल जसे चढे दर घेतं, तशी पाहुण्याच्या सुरक्षिततेची जबाबदारीही चढी असते. फळी बसवली याचा अर्थ 'इथून सूर मारा, खाली पाणी पुरेसं आहे' असं हॉटेलने पाहुण्याला सांगितलं होतं. पूर्ण ५० लाख मंजूर झाले.

दावेदार मात्र १९८५ सालीच वारला होता.

पुढचा भाग कायद्याच्या विद्यार्थ्यांना सांगितला की वर्गात शांतता पसरते. हॉटेलच्या अपिलात दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने निकाल रद्द केला. तलाव निर्दोष होता म्हणून नव्हे. शरीराला झालेल्या दुखापतीचा दावा ज्याचा त्याचा, तो माणसाबरोबर संपतो, म्हणून. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या ३०६ व्या कलमात हे लिहिलेलं आहे, आणि कलमाखाली उदाहरणही दिलंय: रेल्वे अपघातात प्रवासी जबर जखमी होतो, दावा न लावताच पुढे मरतो, त्याचा हक्क वारसांकडे जात नाही. ज्यांचा माणूस चुकीमुळे दगावला त्या कुटुंबाला १८५५ चा वेगळा कायदा आहे, त्याखाली ते स्वतःच्या नुकसानीसाठी दावा करू शकतात. पण हा दावा होता जखमी माणसाचा स्वतःचा, आणि तो निकाल लागेपर्यंत जगायला हवा होता. तो अपघातानंतर तेरा वर्षं जगला. निकाल यायला चोवीसहून जास्त लागली.

याच्या नेमकं उलट टोक इंग्लंडमध्ये आहे. चेशायर परगण्यातली वाळूची जुनी खाण पाण्याने भरून तळं झालं, भोवती उद्यान झालं, वर्षाला दीड लाखाहून जास्त लोक येऊ लागले. काँगल्टनच्या परिषदेने पाट्या लावल्या होत्या: पाणी धोकादायक, पोहू नये. लोक पाट्यांसमोर टॉवेल अंथरून पोहायचे. वैतागून परिषदेने ठरवलं की वाळूचे किनारे मातीने बुजवून वर झाडोरा लावायचा, पण पैसे नव्हते. मे १९९५ मध्ये अठरा वर्षांचा एक मुलगा गुडघाभर पाण्यात पळत गेला आणि पुढे झोकून दिलं. वाळूच्या तळावर मान मोडली.

अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला: पाट्या कुणी मानत नाही हे परिषदेला ठाऊक होतं, किनारे बुजवायचं ठरवलंही होतं, म्हणजे धोका मान्यच होता. जुलै २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हे फिरवलं. त्यात एक बारकावा आहे, तो वाचून मी पुस्तक खाली ठेवलं होतं. वाळूवर बसलेला असेपर्यंत तो मुलगा उद्यानाचा पाहुणा होता. पोहायला लागताच त्याच पाण्यात, त्याच जागी तो घुसखोर झाला, कारण परवानगी फिरायची होती, पोहायची नव्हती. माणूस एक, पाऊल एक, आणि कायद्यातली जात बदलली! लॉर्ड हॉफमन यांनी मात्र मुख्य भर दुसरीकडे दिला. पाण्यात लपलेलं काही नव्हतं, खड्डा नव्हता, फळी नव्हती. उथळ पाण्यात डोकं घालू नये हे अठरा वर्षांच्या माणसाला सांगावं लागत नाही. आणि काही जण अविचार करतात म्हणून वाळूत किल्ले बांधणाऱ्या हजारो पोरांचा किनारा बुजवायचा का?

दिल्लीतली फळी 'ये' म्हणाली होती, चेशायरचं तळं काहीच म्हणालं नव्हतं. दोन्ही निकाल मला पटतात.

काही गोष्टी तर बोलतच नाहीत. तलावाच्या तळाशी एक जाळी असते; तिच्यातून पंप पाणी ओढून गाळणीकडे नेतो. वीस सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर. त्यावर कुणाची पाठ किंवा पोट बसून भोक पुरतं बंद झालं आणि पंपाने आत अर्ध्या वातावरणाइतका दाब कमी केला, तर धरून ठेवणारं बल भरतं दीडशे किलोच्या वर. काठावर उभं राहून पाहणाऱ्याला पाणी संथच दिसतं.

१९९३ साली नॉर्थ कॅरोलायनात लहान मुलांच्या उथळ तलावात पाच वर्षांची एक मुलगी अशा उघड्या भोकावर बसली. झाकण निघालेलं होतं, कारण ते स्क्रूने आवळलेलं नव्हतं. तिच्या आतड्यांचा बहुतेक भाग ओढला गेला. खटल्यात तिचा वकील होता जॉन एडवर्ड्स. पुढे तो सिनेटर झाला आणि २००४ साली उपाध्यक्षपदाचा उमेदवारही. झाकण बनवणाऱ्या स्टा-राइट कंपनीचं म्हणणं असं की स्क्रू आवळणं हे तलाव चालवणाऱ्यांचं काम. एडवर्ड्सने दाखवून दिलं की अशाच आणखी डझनभर अपघातांची कंपनीला माहिती होती, आणि तरी झाकणावर 'स्क्रूने आवळल्याशिवाय वापरू नका' एवढी ओळ नव्हती. १९९७ मध्ये ज्यूरीने अडीच कोटी डॉलर दिले. दोन स्क्रूंची किंमत!

जून २००२ मध्ये माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात गरम पाण्याच्या कुंडात तशाच जाळीला चिकटून बुडाली. तिला पोहता येत होतं. तिच्या आईने झुंज दिली आणि डिसेंबर २००७ मध्ये त्या मुलीच्या नावाचा कायदा झाला: सार्वजनिक तलावांना सुरक्षित आकाराच्या जाळ्या आणि एकाच भोकावर सगळी ओढ येणार नाही अशी व्यवस्था. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही सदोष वस्तूच्या उत्पादकाला जबाबदार धरणारं स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे बोट आता तलावाच्या काठावरून कारखान्यापर्यंत नेता येतं.

बुडणारा माणूसही असाच गप्प असतो. सिनेमात हात हलवून 'वाचवा' म्हणतात तसं बहुधा घडत नाही. न्यू यॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांचं चित्रण करून दाखवलं की तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्यात श्वासच कसाबसा घेता येतो, हाक मारायला हवा उरत नाही. हात आपोआप बाजूला पाणी दाबत राहतात. त्यांच्या अंदाजाने हे चालतं वीस ते साठ सेकंद. खोल बाजूला जीवरक्षक होता का, एवढ्यावर न्यायालयं भागवत नाहीत ती यामुळे. तो त्या मिनिटात बघत होता का, हा प्रश्न असतो.

लक्ष ठेवण्याचा हाच प्रश्न शिक्षकांनाही लागू पडतो. पंजाबातल्या पठाणकोटजवळच्या डलहौसी पब्लिक स्कूलची सहल मे १९९५ मध्ये बियास नदीवर गेली आणि चौदा मुलं बुडाली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शिक्षकांची चूक ती शाळेची चूक असं धरून प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांची भरपाई कायम केली. फौजदारी बाजू वेगळी चालते: निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याबद्दल जुन्या दंडसंहितेत दोन वर्षांपर्यंत कैद होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात ती पाच वर्षांपर्यंत गेली आहे.

आणि आपल्या तलावांवरची ती ओळखीची पाटी? निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं: टोपी सक्तीची, तेल लावून उतरू नये, आणि सगळ्यात खाली, 'अपघात झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.' इंग्लंडच्या १९७७ च्या कायद्याने व्यवसायाच्या निष्काळजीपणातून आलेल्या मृत्यू वा इजेपुरती अशी वाक्यं सरळ निरर्थक ठरवली. आपल्याकडे त्या धर्तीचा वेगळा कायदा नाही. तरी पाटी लावली म्हणून फौजदारी गुन्हा माफ होत नाही, आणि जीवरक्षक जागेवर नव्हता हे पत्र्याआड लपत नाही.

खरा गुंता ग्राहक न्यायालयात आहे. एक शिक्षणसंस्था शुल्क घेऊन आपला तलाव लोकांना उघडा ठेवत असे, सुट्टीत पोहण्याचे वर्ग चालवत असे. वर्गाला आलेला एक मुलगा बुडाला. प्रशिक्षकाने बाहेर काढलं, पोटातलं पाणी काढलं, कृत्रिम श्वास दिला, डॉक्टरकडे नेलं. मुलगा वाचला नाही. राज्य आयोगाने संस्था आणि प्रशिक्षक दोघांनाही सेवेत कसूर केल्याबद्दल जबाबदार धरलं, आणि १९९५ च्या सुमारास राष्ट्रीय आयोगाने ते उचलून धरलं. पण जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगाच्याच मोठ्या पीठाने ठरवलं की शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली सेवा पुरवत नाहीत, आणि या कक्षेबाहेर ठेवलेल्या गोष्टींच्या यादीत सहली आणि खेळांबरोबर पोहणंही नाव घेऊन घातलं. पालकांना दिवाणी न्यायालयाचा रस्ता उघडा आहे, पण तो किती लांबचा असतो ते त्या वैमानिकाच्या दाव्याने दाखवलंय. याचा अर्थ एखाद्या क्लबच्या तलावात बुडालेल्या सभासदाचे घरचे ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतात, आणि शाळेच्या तलावात बुडालेल्या विद्यार्थ्याच्या आईवडिलांना तिथे दार बंद. हा वाद आता सर्वोच्च न्यायालयात गेला आहे.